निरीक्षक क्रमांक दोन

उपनगराच्या शेवटच्या बसथांब्यासमोरील खानावळीला चवीसाठी नमुनेसाहेबांनी दहापैकी चार गुण दिले आणि त्यांच्या पत्नीने नऊ.

नमुनेसाहेबांनी तिच्या चिठ्ठीची पुन्हा घडी घातली आणि पुन्हा उघडून पाहिली. नऊच होते. तिच्या नऊचे शेपूट लांब असे, त्यामुळे तो दुसरा कोणता आकडा असण्याची शक्यता नव्हती. टेबलापलीकडे ती खिडकीबाहेर पाहत काहीतरी कुरुमकुरुम चावत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चूक झाल्याची कसलीही खूण नव्हती.

“चार म्हणायचं होतं का तुला?”

“नऊ म्हणायचं होतं.”

“मासा जास्त शिजलाय. बटाटे कच्चे. सूप एकावन्न अंश.”

“असेल,” ती म्हणाली. “मला आवडलं.”

साहेबांनी तापमापक पुसून नळीत ठेवला आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. मग पेन तसेच हातात धरून ते काही वेळ त्या दोन आकड्यांमधल्या जागेकडे पाहत राहिले. तिच्या ताटाच्या कडेला एक लहान वाटी जास्त होती, हे त्यांना घरी पोहोचल्यावर आठवले.

नमुनेसाहेब हे नाव त्यांना पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मिळाले होते. बत्तीस वर्षे त्यांनी विहिरींचे, टाक्यांचे आणि नळांचे नमुने तपासले. हाताखालची माणसे ते नाव दोन्ही अर्थांनी वापरतात, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यापैकी कोणत्याही अर्थाला त्यांची हरकत नव्हती. एकदा एका नव्या सहायकाने तीन विहिरींचे आकडे आणून दिले, दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे. साहेब बाटल्यांकडे न बघता म्हणाले होते, “तुझी बादली एकाच विहिरीत बुडाली.” सहायकाने मान खाली घातली. फार जुळणारे आकडे आले की आधी निरीक्षकाकडे बघावे, मग नमुन्याकडे, हे वाक्य पुढे प्रयोगशाळेत म्हणीसारखे रूढ झाले.

निवृत्तीनंतर मात्र तपासायला काही उरले नाही. काही महिने त्यांनी शेजाऱ्यांच्या गळक्या नळाचे थेंब मोजले. तेव्हा मेहुणीने त्यांना यादीचे काम दिले. मेहुणी म्हणजे पत्नीची धाकटी बहीण. ती उपनगराचे वाचनालय सांभाळत असे आणि बोलताना कोणाची भीडभाड ठेवत नसे. उपनगर असे होते की तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. माणसे सकाळी शहरात कामाला जात आणि संध्याकाळी झोपायला परत येत. नवीन राहायला आलेले लोक वाचनालयात येऊन पुस्तकांआधी एकच प्रश्न विचारीत, इथे जेवायला कुठे जावे. “भावजी, एक यादी करून द्या,” ती म्हणाली होती. “नाहीतरी तुम्ही ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवताच. तीच विद्या लोकांच्या कामी येऊ दे.”

साहेबांनी यादी केली ती त्यांच्या पद्धतीने. दर बुधवारी आणि शनिवारी एक खानावळ. दोघांनी एकच पदार्थ मागवायचा, खाताना मत बोलायचे नाही, गुण वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, घड्या घालायच्या आणि मगच उघडायच्या. ते निरीक्षक क्रमांक एक, ती निरीक्षक क्रमांक दोन. एका निरीक्षकावर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःवरही नाही. दर तीन महिन्यांनी सुधारलेली यादी वाचनालयाच्या फळ्यावर लागे आणि या गोष्टीला आता दोन वर्षे झाली होती.

त्यातल्या अलीकडच्या चौदा महिन्यांचा साहेबांना विशेष अभिमान होता. सुरुवातीला दोघांच्या गुणांत हटकून दोनतीनचा फरक पडे. तिला आंबट आवडे, त्यांना नाही, आणि दोघेही हट्टी. पण हळूहळू आकडे जवळ आले. सात आणि सात. पाच आणि पाच. क्वचित सहा आणि सात. दोन उपकरणे बराच काळ शेजारी ठेवली की एकमेकांशी जुळतात, असे ते मेहुणीला म्हणाले होते. हे विधान कोणत्याही उपकरणाबाबत खरे नाही, हे त्यांना माहीत होते. पण छत्तीस वर्षांच्या संसाराबाबत ते खरे असावे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी ते तपासले नाही.

म्हणून हे चार आणि नऊ त्यांना खुपले.

गुरुवारी ते वाचनालयात गेले तेव्हा मेहुणी फळ्यावरच्या टाचण्या काढत होती. यादी या महिनाअखेरीस बदलायची होती. तिने वही पाहिली आणि भुवया वर केल्या.

“साडेसहा लिहू? सरासरी?”

“सरासरी काढली की दोघांपैकी कोणाचंच मत उरत नाही. थांब जरा. फेरतपासणी करतो.”

“कसली? खानावळीची की ताईची?”

साहेब हसले नाहीत. मेहुणीने टाचण्या डबीत टाकल्या आणि ताईलाच विचारा ना, असे सुचवले. ताई तर तिथे नेहमी जाते. गेल्या सोमवारी ती स्वतः बसमधून उतरली तेव्हा ताई आत बसलेली होती, आणि तो आचारी, खलाशी म्हणतात तो, समोर उभा होता.

“काय हसत होती हो भावजी. बाहेरपर्यंत आवाज. मी म्हटलं ही आमचीच का?”

साहेबांनी वही मिटली. मनात पाल चुकचुकली, असे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर त्यांनी पाल कुठे होती हे विचारले असते. आता ते तसेच बाहेर पडले आणि छत्री विसरल्यामुळे परत आत आले.

त्यांच्या माहितीप्रमाणे ते दोघे त्या खानावळीत त्या बुधवारी पहिल्यांदाच गेले होते. खलाशाने दारातच तिला “या बाई” म्हटले होते आणि त्यांना “बसा साहेब”. या दोन शब्दांतला फरक त्यांना आता ऐकू आला. सोमवारी तिचा शिवणवर्ग असे. वर्ग साडेबाराला संपतो आणि ती अडीचला घरी येते, ही गोष्ट त्यांनी कधी नोंदवली नव्हती, कारण नोंदवण्यासारखे त्यात काही असेल असे त्यांना वाटले नव्हते.

पुढच्या सोमवारी पावणेएकला ते बसथांब्यावर उभे राहिले. हातात वेळापत्रक होते. एक बस आली आणि गेली. दुसरी आली तेव्हा चालकाने काचेतून डोके बाहेर काढले.

“साहेब, चढताय की तपासताय?”

साहेबांनी त्याला पुढे जाण्याची खूण केली. बस हलली आणि समोरची खिडकी मोकळी झाली. ती त्याच टेबलाशी बसलेली होती. खलाशी समोर उभा होता, रुंद खांद्यांचा, साठीला टेकलेला. त्याचे केस पांढरे होते, पण होते. साहेबांचा हात नकळत टोपीकडे गेला. खलाशाच्या हातात एक बशी होती आणि ती तो तिच्या पुढ्यात धरत होता.

तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तिने बशीतून काहीतरी उचलले, तोंडात घातले, मान किंचित तिरकी करून चावले आणि काहीतरी म्हणाली. खलाशाने नकारार्थी बोट हलवले. ती हसू लागली. तिने दुसरा तुकडा उचलला, डोळे अजून मिटलेलेच.

छत्तीस वर्षांत तिने आपल्यासमोर डोळे मिटून काही खाल्ल्याचे साहेबांना आठवेना. त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. तिसरी बस येऊन गेली.

मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात बटणे निवडत बसली होती आणि शेजारी शेगडीवर दूध जळत होते. वास आतल्या खोलीपर्यंत आला. साहेब धावत आले आणि त्यांनी शेगडी बंद केली. पातेल्याचा तळ काळा झाला होता. पातेल्यापासून ती दोन हातांवर होती.

“लक्ष कुठे असतं तुझं?”

एवढेच वाक्य, पण त्यांनी ते इतके सावकाश उच्चारले की तिने बटणे खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिले. मग तिने उठून पातेले घासायला घेतले.

दुपारी जेवताना रस्सा खारट झाला होता. गेले कित्येक महिने कधी खारट, कधी आळणी असे चालले होते, आणि वयोमानाने हात थोडा इकडेतिकडे होणारच, म्हणून साहेबांनी ते सोडून दिले होते. आज त्यांनी घास गिळला आणि पाण्याचा पेला उचलला.

“किती?” तिने विचारले. घरातही ती अलीकडे असे विचारत असे.

“पाच.”

“मलाही पाचच वाटलं.”

नेहमी या उत्तराने त्यांना बरे वाटे. आज वाटले नाही. इथे पाच आणि तिथे नऊ, असा विचार करत त्यांनी भात संपवला.

बुधवारी फेरतपासणी झाली. साहेबांनी आधीच ठरवले होते. दोन्ही ताटे आली आणि ती हात धुवायला गेली, तेवढ्या वेळात ते तिची वाटी तपासणार होते. माणूस संशयाने नव्हे, पुराव्याने वागतो, असे त्यांनी स्वतःला सांगितले, आणि मग चमच्याऐवजी बोटांनीच तुकडा उचलला.

वाटीत मुळ्याचे पातळ काप होते, बर्फाइतके गार. कडक तळलेला कांदा होता, भाजलेले दाणे होते, लिंबू पिळलेली काकडी आणि एक हिरवी मिरची. त्यात ना मसाला, ना फोडणी, ना कसला सुगंध. मिरचीने जीभ भाजली, मुळ्याने गार केली, कांदा दातांखाली मोडला, एवढेच. चवीला त्यांनी मनातल्या मनात तीन दिले. इतक्या साध्या वाटीसाठी कोणी नऊ देत नाही. म्हणजे ते नऊ वाटीसाठी नव्हते.

ती परत आली. त्यांनी चिठ्ठीवर पुन्हा चार लिहिले. तिने पुन्हा नऊ लिहिले, आणि लिहिताना त्यांच्याकडे पाहिले नाही, हेही त्यांनी टिपले.

जेवण झाल्यावर ती मेहुणीकडे पुस्तक बदलायला पुढे निघाली. साहेब मागे थांबले. खानावळ रिकामी होत आली होती. खलाशी भांडी पुसत होता. साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि बत्तीस वर्षांत ज्या स्वरात त्यांनी विहीरमालकांना प्रश्न विचारले होते, त्याच स्वरात बोलले.

“माझ्या पत्नीच्या ताटात एक वाटी असते. ती तुमच्या फळ्यावर लिहिलेली नाही.”

“नाही साहेब. ती फक्त बाईंसाठी.”

“का?”

खलाशाने फडके खांद्यावर टाकले. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट, हा प्रश्न केव्हातरी येणार, म्हणून थांबल्यासारखा तो दिसला.

“बरं झालं तुम्हीच आलात. बाईंना दोनदा म्हटलं, पण त्या हसण्यावारी नेतात. घरी गॅसचा अलार्म बसवलात ना साहेब?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. मग कळला. मधे किती वेळ गेला हे त्यांना सांगता आले नसते, आणि वेळ सांगता न येणे त्यांच्याबाबतीत नवीन होते.

“बसवतोय,” ते म्हणाले.

खलाशाने समाधानाने मान हलवली आणि सगळे सांगितले, साहेबांना ते ठाऊकच आहे असे धरून. खानावळ उघडली त्या पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून रश्शाचे मोठे पातेले खालून जळले होते. धूर नव्हता, पण वास असा की सगळी गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावून बाहेर उभी राहिली. बाई तेवढ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि तोच रस्सा खात होत्या. तो माफी मागायला गेला तर म्हणाल्या, चांगला झालाय.

“तेव्हाच ओळखलं. मला स्वतःला बोटीवर एकदा ताप आला होता, नाक सहा महिने गेलं. माणसं चाळीस, आणि मला कांदा भाजला की करपला ते कळेना. कानानं स्वयंपाक केला साहेब. नाक गेलं तरी कुरकुरीत राहतं, तिखट राहतं, गार राहतं. तेवढ्यावर जेवता येतं. बाईंना डोळे मिटून आवाजावरून ओळखायला लावतो. मुळ्याला अजून गाजर म्हणतात.”

तो हसला. साहेबांनी त्याचे आभार मानले. पायरी उतरताना त्यांच्या लक्षात आले की आपण टोपी हातात धरली आहे.

घरी कोणी नव्हते. त्यांनी कपाटातून पहिल्या वर्षाची वही काढली आणि दोन्ही वह्या टेबलावर उघडून ठेवल्या. पहिल्या दहा महिन्यांत फरक तीन, दोन, तीन, चार, दोन. मग तीन आठवडे नोंद नाही, तिला ताप होता. त्यानंतर शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. ते बोट सरकवत खाली आले. चौदा महिने. नव्या सहायकाच्या आकड्यांसारखाच हा मेळ होता. तिची बादलीही एकाच विहिरीत बुडत होती, आणि ती विहीर ते स्वतः होते.

खलाशाला एक दिवस लागला होता. हा आकडा त्यांनी कुठे लिहिला नाही, पण तो त्यांच्यासमोर राहिला.

ती आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि उजेडाला बसून सुईत दोरा ओवू लागली. टेबलावरच्या दोन वह्या तिने पाहिल्या होत्या.

“घरी अलार्म बसवला का, असं खलाशी विचारत होता.”

दोरा सुईच्या नाकातून बाजूला गेला. तिने तो पुन्हा ओलावला.

“तुम्हाला माहीत असणार, असं समजून विचारलं असेल त्यानं.”

“कधीपासून?”

“त्या तापापासून. सांगितलं होतं मी तुम्हाला.”

साहेबांना आठवले. तापानंतरची पहिली सकाळ, तिच्या हातात लिंबाची फोड होती, ती नाकाशी धरून ती म्हणाली होती, आज कशाचाच वास येत नाही. ते तेव्हा यादीचे रकाने आखत होते. सर्दी उतरली की येईल, असे ते म्हणाले होते, वर न पाहता.

“सर्दी उतरली,” ती म्हणाली.

“मग पुन्हा का नाही सांगितलंस?”

तिने दोरा पुन्हा सुईकडे नेला. मग सांगितले ते एखाद्या किरकोळ गोष्टीसारखे. निवृत्तीनंतर ते पहाटेच उठून खिडकीच्या पडद्याकडे बघत बसायचे. यादी आली आणि ते दाढी करू लागले, बुधवारच्या आदल्या दिवशी सदऱ्याला इस्त्री करू लागले. दोन निरीक्षकांशिवाय यादी नाही, हे त्यांचेच म्हणणे. तापाच्या तीन आठवड्यांत ते पुन्हा पडद्याकडे बघायला लागले होते.

“पण आकडे?”

“तुमचा चेहरा. मीठ जास्त झालं की डावी भुवई. सहाला चमचा आडवा ठेवता, आठला उभा. कठीण नाही हो ते.”

“आणि तिथे नऊ?”

सुईत दोरा गेला होता. तिने गाठ मारली.

“तिथे तुमच्याकडे बघायचं राहून गेलं.”

साहेबांनी दोन्ही वह्या मिटल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की खलाशाकडे ती मुळ्याला गाजर का म्हणते. दोन्हींचा आवाज सारखाच, ती म्हणाली, फक्त मुळा थोडा ओला वाजतो. त्यांनी ते मनात नोंदवले आणि ते खरे आहे का हे तपासून बघावे, असे त्यांना वाटले. मग वाटले की यात खलाशाचा शब्द आधीच खरा धरलेला बरा, आणि हे वाटणे त्यांना बोचले.

शनिवारी अलार्म बसला. यादीत खलाशाच्या खानावळीची चव चारच राहिली, कारण मासा जास्तच शिजलेला होता. दुसऱ्या रकान्यातले चौदा महिन्यांचे आकडे साहेबांनी पट्टी लावून एकेक करून खोडले, शेवटचे दोन नऊ तेवढे ठेवले. मग वहीच्या समासात, जिथे ते दूषित नमुन्यांची कारणे लिहीत, त्यांनी लिहिले:

“निरीक्षक क्रमांक दोनला चौदा महिन्यांपासून वास येत नाही. निरीक्षक क्रमांक एकला हे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते.”